चौथा भाग, चौदावं मिनिट

१

मंगळवारी आणि शुक्रवारी सकाळी ग्लेंडा मार्फ्लीट मागच्या खोलीत बसायची आणि कुणालाही भेटायची नाही. नऊच्या ठोक्याला चहाची किटली, तिच्यावर लोकरीचं टोपरं, खिडकीचा पडदा ओढलेला. पुढच्या दारावर पोस्टमनसाठी चिठ्ठी: 'घंटा वाजवू नये. खोकं पायरीवर ठेवावं.' मग कानांवर हेडफोन चढायचे, आणि पासष्ट वर्षांची ही बाई १९६५ सालच्या एखाद्या शनिवारात उतरायची.

'नाइन लॅडर्स' ही मालिका तिच्या पिढीने श्वास रोखून पाहिली होती. प्रोफेसर ऑर्म आणि त्याचे दोन सोबती दर कथेत एक शिडी उतरून पृथ्वीच्या पोटात आणखी खाली जायचे. वाहिनीने पुढे सुरुवातीचे भाग पुसले आणि त्याच टेपांवर फुटबॉलचे सामने भरले. 'मिठाची खाण' या चार भागांच्या कथेचं तर चित्र म्हणून नावालाही काही उरलं नाही. उरला फक्त आवाज, आणि तोही ग्लेंडामुळे. समुद्रकाठच्या कड्यावर वसलेल्या स्कर्लबी गावात तिचे वडील रेडिओ दुरुस्त करायचे. एका गिऱ्हाइकाने दुरुस्तीला टाकलेला टेपरेकॉर्डर परत नेलाच नाही, तो बारा वर्षांच्या ग्लेंडाने ताब्यात घेतला. शनिवारी सव्वापाचला ती टीव्हीसमोर उशी ठेवायची, उशीवर मायक्रोफोन, आणि घराला दम भरायची, "पंचवीस मिनिटं कुणी हूं की चूं करायचं नाही."

घर ते घर. तिच्या टेपांवर प्रोफेसर ऑर्मच्या मागे घड्याळ टिकटिकतं, पाच वर्षांचा कीथ खोकतो, आई चहा ढवळून झाल्यावर चमचा कपाच्या काठावर तीनदा आपटते. मालिकेच्या चाहत्यांना हे सगळं तोंडपाठ होतं. चौथ्या भागात चौदाव्या मिनिटाला एक बाई हलक्या आवाजात म्हणते, "ग्लेंडा, ऐक ना, मी–" आणि एक पोरगी तिला झापते, "शूऽऽ!" चाहत्यांच्या मंडळाने तो 'शूऽऽ' लिहिलेले चहाचे मग छापून घेतले होते. ग्लेंडाला मेळाव्यात दोन भेट मिळाले. तिने हसून घेतले आणि घरी आल्यावर फडताळात मागे, पाठमोरे ठेवून दिले.

त्या 'शूऽऽ'नंतर टेपवर काही क्षणांनी दाराची कडी वाजते. आई बाहेर गेली ती परत आली नाही. कोट खुंटीलाच होता. गावाने तीन दिवस कडा आणि किनारा पालथा घातला. हे मंडळात कुणालाच ठाऊक नव्हतं. ग्लेंडाने सांगितलं नव्हतं.

मार्चमधल्या एका मंगळवारी, चिठ्ठीची पर्वा न करता, फोन वाजला. लीड्सचा नायजेल ड्यूझबरी. पोटापाण्यासाठी बस चालवायचा, बाकी सगळा जीव 'नाइन लॅडर्स'मध्ये.

"ग्लेंडाबाई, आधी बसा."

"बसलेलीच आहे. बोल."

"मिठाची खाण सापडली. माल्टामध्ये, एका बंद पडलेल्या थिएटरच्या गोदामात, साबणाच्या खोक्यांखाली. तिकडच्या टीव्हीला विकलेल्या फिल्मच्या प्रती. चारही भाग, बाई! चारही!" आणि चाळिशी उलटलेला तो गडी फोनवर हुंदके देऊन रडायला लागला.

२

पहिला भाग त्याने पुढच्याच आठवड्यात आणला, संगणकावर उतरवून. ठरलं असं की चित्र मंडळाने साफ करायचं, आवाज ग्लेंडाने.

तिने तो एकटीने पाहिला. पन्नास वर्षं नुसता ऐकलेला माणूस समोर चालू-बोलू लागला तेव्हा तिला भलतीच लाज वाटली, पत्रमित्राला पहिल्यांदा भेटावं तशी. आवाज स्वच्छ होता. तिच्या टेपवर जे शब्द उशीत तोंड खुपसून बोलल्यासारखे यायचे ते इथे खणखणीत होते.

सहाव्या मिनिटाला प्रोफेसर ऑर्म कंदील वर धरून थांबला, आणि कपाच्या काठावर चमचा तीनदा वाजला.

ग्लेंडाने चित्र थांबवलं, मागे नेलं, पुन्हा लावलं. टिंग, टिंग, टिंग. स्वतःची टेप काढून तीच जागा ऐकली. तिथेही होता, असायलाच हवा होता.

नायजेलला फोन लावला. "माझी टेप मिसळलीस यात?"

"नाही हो."

"खरं सांग. आवाज कुठे तुटला असेल, तू जोड दिला असशील. रागावणार नाही मी."

"ग्लेंडाबाई, आईची शपथ. डब्याला सहासष्ट सालचा कस्टमचा शिक्का होता, तो मी माझ्या हाताने फोडला. त्याचं चित्रीकरणसुद्धा आहे माझ्याकडे. काय झालं?"

"चमचा ऐकू येतोय."

तो म्हणाला, "स्टुडिओत चहावाली असेल की. तेव्हा सगळं थेट, एका दमात चालायचं, कोण कुठे कप आपटेल त्याचा नेम नसायचा."

"असेल," ग्लेंडा म्हणाली. पटण्यासारखंच होतं ते. एका वेळी, एकाच क्षणी, दोन बायकांनी दोन गावांत चमचा आपटला. जगात याहून मोठे योगायोग घडतात. फोन ठेवताना आपण तो दोन्ही हातांनी धरला होता हे तिच्या लक्षात आलं.

३

"मला मूळ फिल्म बघायचीय," तिने बजावलं, आणि नायजेल रविवारी डबे घेऊन हजर झाला.

मागच्या खोलीत फिल्म जोडायचं एक जुनं टेबल होतं. एक संकलनगृह बंद पडलं तेव्हा मंडळाने वर्गणी काढून ते घेतलं, आणि ठेवायला जागा फक्त ग्लेंडाकडे होती. दोन्ही बाजूंना रिळांच्या थाळ्या, मधे पुस्तकाएवढा पडदा, खाली स्पीकर. डबा उघडल्यावर लोणच्याच्या बरणीसारखा आंबूस वास सुटला.

अशा फिल्मच्या कडेला आवाज छापलेला असतो, एका पांढऱ्या दातेरी रेघेत. सहाव्या मिनिटाची जागा शोधून ग्लेंडाने भिंग लावलं. ऑर्मच्या शब्दांचे जाड दाते, मग सपाट शांतता, मग तीन बारीक, टोकदार दाते, सारख्या अंतरावर.

"छापलेलाच आहे," नायजेल म्हणाला. "म्हणजे चहावाली."

"हो."

तो गेल्यावर ती पुन्हा बसली आणि पूर्ण दोन भाग ऐकले, चित्राकडे न बघता. घड्याळ होतं. खोकला होता. डांग्या खोकल्याची ती शेवटची ओढून घेतलेली शीळ, जिने त्या हिवाळ्यात घरभर झोप उडवली होती. स्टुडिओत डांग्या खोकल्याचं पोर कोण आणू देईल?

आणि आयुष्यभर आवाज ऐकत आलेल्या तिच्या कानाला आणखी एक गोष्ट खटकली. तिच्या टेपवर टीव्ही जवळ होता आणि घर पाठीमागे. इथे पहिल्या भागात तसंच होतं. दुसऱ्या भागात मात्र ऑर्म जरा दुरून बोलत होता आणि चमचा जवळून वाजत होता. जणू कुणीतरी मायक्रोफोन उचलून खोलीत चार पावलं मागे आणला होता. आईच्या खुर्चीकडे.

शिवाय एक गोष्ट नव्हती. तिच्या टेपवर सतत एका पोरीचा श्वास ऐकू येतो, मायक्रोफोनला नाक लावून बसलेल्या. मधेच ती नाक ओढते, मधेच उशी सारखी करते. फिल्मवर तो श्वास नव्हता. घर होतं, आई होती, कीथ होता. ग्लेंडा नव्हती.

मग चौथ्या भागात चौदाव्या मिनिटाला आईला गप्प कोण करणार?

हा विचार आला तेव्हा बाहेर लख्ख ऊन होतं आणि शेजारचा म्हातारा यंत्राने गवत कापत होता. ती बराच वेळ त्या यंत्राची घरघर ऐकत बसली. भीती वाटत होती. पण भीतीच्या तळाशी दुसरंच काहीतरी होतं, टणक, आणि ते तिला ओळखीचं वाटलं. बाराव्या वर्षी घराला दम भरणारी ती पोर अजून शिल्लक होती. आईचं वाक्य पुरं होणार असेल तर ते ऐकायचं. मग काय व्हायचं ते होवो.

४

ब्रिडलिंग्टनला कीथचं तळलेल्या माशांचं दुकान होतं. दुपारची गर्दी ओसरल्यावर ती गेली. त्याने बटाट्यांच्या पोत्यावर फडकं टाकून तिला बसायला दिलं आणि न विचारता एक कॉड मासा कढईत सोडला.

"खाणार नाही मी."

"कर्ज फेडायला आल्यासारखी दिसतेस. खा." मग तिचा चेहरा नीट बघून त्याने गॅस बारीक केला. "काय झालं गं?"

तिने छोटं यंत्र आणलं होतं. हेडफोन त्याच्या कानांवर चढवले आणि दुसऱ्या भागातली तीन मिनिटं लावली. एवढा धिप्पाड माणूस; पाठ भिंतीला टेकवून उभा राहिला. खोकल्याची जागा आली तेव्हा त्याचा हात आपोआप स्वतःच्या छातीवर गेला.

त्याने हेडफोन काढले, पुसले, तिच्या मांडीवर ठेवले.

"ही तुझी टेप नव्हे."

"नव्हे. फिल्म आहे. माल्टाहून आलेली."

"कोण मस्करी करतंय?"

"मलाही तेच वाटलं होतं. रीळ मी डोळ्यांनी पाहिलंय, कीथ."

तो मासा परतायला विसरला. करपल्याचा वास आला तशी त्याने कढई खाली उतरवली. "चौथा ऐकलास?"

"अजून नाही. तिसराही नाही. तुला आधी सांगावं म्हटलं."

"ऐकू नकोस."

"का?"

"कारण मी सांगतोय म्हणून! तू ना, लहानपणापासून अशीच. एकदा मनात घेतलं की घेतलं." तो तिच्यासमोर उकिडवा बसला. "हे बघ. मी अठरा वर्षांचा असताना तुला एक बोललो होतो. नाताळात. दारू पिऊन."

"'तू तिला गप्प केलंस.'"

"हां. ते. मूर्ख होतो मी. पोरगा होतो. ते शब्द मी परत घेतो. चाळीस वर्षं झाली, आधीच घ्यायला हवे होते. झालं? आता ते रीळ दे त्या बसवाल्याला, सांग की बिघडलं, आणि घरी जाऊन बागेत काहीतरी लाव."

ग्लेंडाने त्याच्या तेलकट हातावर हात ठेवला. "तू बोलला नसतास तरी मला ठाऊक होतंच की. तिला काहीतरी सांगायचं होतं, कीथ. मी सांगू दिलं नाही. मला ते वाक्य हवंय."

"आणि वाक्य वाईट असलं तर? 'मी चालले, मला कंटाळा आलाय तुमचा,' असं असलं तर?"

"तर तसं. निदान तिचं असेल."

तो उठला आणि करपलेला मासा कचऱ्यात टाकला. दारापर्यंत पोचवायला आला तेव्हा खालच्या आवाजात म्हणाला, "त्यात तू नाहीयेस. लक्षात आलं का तुझ्या? मी आहे, ती आहे. तुझा आवाजच नाही. त्या खोलीत तू कुठे आहेस, ग्लेंडा?"

५

तिसरा भाग तिने शुक्रवारी सकाळी लावला. चहा केला नाही.

आता प्रोफेसर ऑर्म पार लांब गेला होता, शेजारच्या घरातल्या टीव्हीसारखा. पडद्यावर त्याचे ओठ हलत होते, तो हात हलवून ओरडत होता, आणि कानात त्याच्याहून मोठ्याने विणकामाच्या सुया चालत होत्या. लोकरीचा धागा बोटावरून सरकताना येतो तो खसखस आवाजसुद्धा. आई गुणगुणत होती. ओठ मिटून, सूर नसलेलं काहीतरी, जे ती पीठ मळतानाही गुणगुणायची. ग्लेंडाला ते पन्नास वर्षांत एकदाही आठवलं नव्हतं, आणि आता पुढचा सूर कुठे जाणार ते तिला अचूक कळत होतं.

तिची टेप तिने शेजारी ठेवली होती. टेपवर या भागात गुणगुणणं नव्हतं. अजिबात नव्हतं.

अकराव्या मिनिटाला सुया थांबल्या. गुणगुणणंही थांबलं. खुर्ची करकरली, कुणी मान वळवून मागे बघावं तशी. आणि अगदी कानाशी, पाठीमागे कुणी येऊन उभं राहिल्याची चाहूल लागल्यावर माणूस विचारतो त्या आवाजात, आई म्हणाली,

"ग्लेंडा?"

विचार करायला वेळच नव्हता. "आई!" ती ओरडली. "आई, मी आहे! इथेच आहे मी, आई! आई!" रिकाम्या घरात तिचा आवाज भिंतींवर आपटला. हेडफोन खाली पडले. ती रडत होती, मोठ्याने, हमसून, जशी बारा वर्षांची असताना रडली नव्हती. तेव्हा पोलीस आले होते, शेजारणी आल्या होत्या, कीथला भरवायचं होतं. तेव्हा वेळच मिळाला नव्हता.

सावरायला पाऊण तास लागला. मग तोंड धुऊन तिने तो भाग पुन्हा लावला, अगदी थंड डोक्याने, हातात पेन्सिल घेऊन. छापलेला आवाज बदलत नाही. ऐकणाऱ्याने काहीही केलं तरी बदलत नाही. हे तिने वहीत लिहून काढलं, शाळेत शंभर वेळा लिहायला लावतात तसं, फक्त दोनदा.

सुया थांबल्या. खुर्ची करकरली. "ग्लेंडा?" त्यानंतर शांतता. मग कीथचा लहानपणचा, नाक चोंदलेला आवाज आला. "काय गं आई?"

"काही नाही," आई म्हणाली. "बाहेर कुणी हाक मारली का रे?"

हे मघाशी होतं का? मघाशी ती रडत होती. हेडफोन जमिनीवर होते. मघाशी हे असणारच. तिने पेन्सिल खाली ठेवली आणि पुन्हा ऐकायचं धाडस केलं नाही.

६

चौथं रीळ आकसलं होतं. नायजेलच्या मित्राच्या यंत्रातून ते जाईना.

"टेबलावर हळूहळू फिरवलं तर जाईल," नायजेल म्हणाला. "पण एकदाच, बाई. दुसऱ्यांदा फिल्मच्या कडेची भोकं फाटतील. लंडनला एक तज्ज्ञ आहेत, सहा महिने थांबावं लागेल. थांबूया आपण. पन्नास वर्षं थांबलो, त्यात सहा महिने ते काय?"

"शनिवारी सकाळी ये," ग्लेंडा म्हणाली. "कॅमेरा आण. पडद्याचं चित्रण करून ठेवू, म्हणजे फाटलं तरी राहील."

"मंडळ मला फाडून खाईल!"

"मंडळाला मी बघते."

तो आला तेव्हा समुद्रावरून धुकं आत शिरलं होतं आणि शेजारचं घरही दिसत नव्हतं. तिने त्याला चहा दिला, समोर बसवलं, आणि त्या 'शूऽऽ'नंतर त्यांच्या घरात काय झालं ते सांगितलं. सरळ, न रडता. नायजेलचा कप अर्ध्यावर थांबला. त्याच्या अंगातल्या सदऱ्यावरही, जाकिटाखाली, तो 'शूऽऽ' छापलेला होता. त्याने गळ्यापर्यंत चेन ओढून घेतली.

"मला माफ करा. आम्ही... आम्हाला..."

"तुम्हाला कसं कळणार? चल, रीळ चढव."

टेबलावरचा स्पीकर चालू केला. नायजेलचं एक बोट थांबवायच्या बटणावर होतं. तो आवाज मोजणारी सुई बघत होता, ती पडदा बघत होती. ऑर्म आता जवळजवळ ऐकूच येत नव्हता. स्पीकरमधून एक खोली ऐकू येत होती, इतकी स्पष्ट की टेबलाच्या खाली असावी. कोळशावरची राख घसरली. घड्याळ. कीथ पेंगत होता, श्वासात शीळ होती.

चौदावं मिनिट लागलं. पडद्यावर प्रोफेसर ऑर्म मिठाच्या भुयाराच्या टोकाशी उभा होता, कंदील खाली केलेला. मागे रंगवलेली मिठाची भिंत.

"ग्लेंडा, ऐक ना, मी–"

नायजेलने तिच्याकडे पाहिलं. तिचे ओठ घट्ट मिटलेले होते. जिथे ती पोर ओरडायची तिथे काहीच आलं नाही, फक्त घड्याळाचे दोन ठोके. आणि मग वाक्य पुढे गेलं, साधं, घरगुती, घाईतलं.

"–मी जरा बघून येते. बाहेर कुणीतरी बाई रडतेय बघ. गेल्या शनिवारपासून ऐकतेय मी. 'आई, आई' करतेय बिचारी."

ग्लेंडाने खुर्चीचा हात धरला. ओरडावं, जाऊ नकोस म्हणावं, म्हणून तिचं तोंड उघडलं. आणि त्याच क्षणी तिला कळलं की तिचा एक शब्दही आईला दाराकडेच ओढेल. तिने उजवा हात तोंडावर दाबला. डाव्या हाताने नायजेलचं मनगट धरलं, इतकं घट्ट की नंतर आठवडाभर त्याच्या हातावर वळ होते. तो काही बोलणार होता, तिने मान हलवली. नाही. श्वासही नाही.

पावलं आली. सपाता घातलेली, उजव्या पायावर जरा जास्त भार देणारी. ती स्पीकरच्या अगदी आत येऊन थांबली.

"कोण आहे गं?" आईने विचारलं, हळू, प्रेमाने, दाराला कान लावून. "कोण आहे? बोल बाळा."

आयुष्यात ग्लेंडाने याहून अवघड काही केलं नव्हतं. नाकातून पाणी वाहत होतं, दात तळहातात रुतले होते, आणि तिने आवाज काढला नाही. घड्याळाचे दहा ठोके. वीस. पडद्यावर ऑर्मने आता बोलायला हवं होतं. त्याचं वाक्य तिला तोंडपाठ होतं. तो बोलत नव्हता. तो मान वाकडी करून बाजूला बघत होता, कान देऊन, जणू त्यालाही काही ऐकायचं होतं.

परत जा, ती मनात म्हणत होती. खुर्चीत जाऊन बस. चहा गार होतोय.

"थांबली वाटतं," आई स्वतःशी म्हणाली. आणि मग आवाजात काळजी आली. "पडलीबिडली की काय कड्याकडे... अंधारात..."

कडी वाजली.

ऑर्मच्या पाठीमागे, रंगवलेल्या मिठाच्या भिंतीत, उजेडाची एक उभी फट पडली. ती रुंदावली. फटीत ॲप्रनची कड होती, आणि चौकटीवर टेकलेला एक हात, बोटाला लोकरीचा धागा गुंडाळलेला. उजेडातून काळोखात बघताना माणूस डोळ्यांवर हात धरतो तसा दुसरा हात वर गेला. चेहरा दिसायच्या आत चित्र पुढे सरकलं होतं. ऑर्म आपलं वाक्य बोलत होता, अगदी बारीक आवाजात, आणि त्याच्या मागे भिंत भिंतच होती.

दार लागल्याचा आवाज आला नाही. उरलेली अकरा मिनिटं त्या खोलीत वारा शिरत होता आणि त्याच्यामागे समुद्र.

७

पट्टी संपल्यावर रिळाचं टोक टेबलावर फटफट आपटत राहिलं. नायजेलने ते थांबवलं.

"तू पाहिलंस?"

"मी सुई बघत होतो," तो म्हणाला. मग जरा वेळाने, तिच्याकडे न बघता, "ऐकलं मात्र."

कॅमेऱ्यातल्या चित्रणात भिंत उघडत नव्हती. दोघांनी चित्राची एकेक चौकट तपासून पाहिली. फिल्मवरच्या आवाजाच्या पट्टीवर चौदाव्या मिनिटापासून पुढे एक जाड, करडी रेघ होती आणि कॅमेऱ्यातही तिथून पुढे नुसती खरखर ऐकू येत होती. ओलाव्याने खराब झाली असावी, असं नायजेलने अहवालात लिहिलं. सप्टेंबरमध्ये मंडळाने चारही भाग लोकांसमोर आणले. चौथ्याला आवाज ग्लेंडाच्या टेपचा होता. चौदाव्या मिनिटाला सगळं सभागृह ओठांवर बोट ठेवून एका सुरात 'शूऽऽ' म्हणायला सज्ज झालं होतं. नायजेल उठून पुढे उभा राहिला आणि त्याने हात वर केला. का, ते कुणाला कळलं नाही. पण त्या बसवाल्याचा चेहरा बघून सगळे गप्प बसले.

कीथला मात्र ती रीळ फिरवलं त्याच शनिवारी दुपारी भेटली होती. धुक्यातून तीस मैल गाडी हाकत. वाटेत तिने मनाशी ठरवलं होतं काय सांगायचं आणि काय नाही, आणि एकदा ठरवलं म्हणजे ठरवलं.

दुकान बंद करून तो तिच्यासमोर उभा राहिला. "ऐकलंस?"

"ऐकलं."

"वाईट होतं?"

"नाही." तिचा उजवा तळहात रुमालात बांधलेला होता. "बाहेर कुणीतरी रडत होतं, कीथ. एक बाई. आईने ऐकलं आणि बघायला गेली. तिला वाटलं, बिचारी कड्यावरून पडेल. एवढंच सांगत होती मला."

त्या एवढ्या मोठ्या माणसाचे खांदे सैल झाले, पोतं उतरवून ठेवावं तसे. "कुणाच्या तरी मदतीला गेली होती," तो म्हणाला. "आपल्याला सोडून नाही गेली."

"नाही. सोडून नाही."

"आणि तू मधे बोलली नसतीस तरी गेलीच असती."

"गेलीच असती."

त्याने डोळे पुसले आणि तिच्यासाठी किटली चढवली. गॅस पेटवताना, पाठ करूनच, त्याने विचारलं, "पण ती बाई कोण होती गं? रडणारी?"

ग्लेंडाने बांधलेला हात मांडीवर उलटा ठेवला.

"ते नाही कळलं," ती म्हणाली. "वारा फार होता."